डोणीतलं जपानी आयरिस

मी बोटीवर पंपमन होतो. तेलाच्या टँकरवर कुठल्या टाकीत किती माल आहे, कुठला व्हॉल्व्ह उघडायचा, कुठला बंद ठेवायचा, हे बघणारा माणूस. आता गुहागरात घरी असतो आणि नारळी-पोफळीच्या वाडीचं शिंपणं करतो. धंदा तोच, फक्त तेलाच्या जागी विहिरीचं पाणी. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे मी फुलांबद्दल थोडं आणि पाण्याबद्दल फार बोलणार आहे.

१९९७ च्या जूनमध्ये आमची बोट कावासाकीला लागली होती. किनाऱ्यावर जायला एक दिवस मिळाला. बाकीची मंडळी कॅमेरे आणि टेपरेकॉर्डर बघायला गेली, मी छत्री घेऊन टोकियोच्या मेइजी देवळात गेलो. देवळाच्या आतल्या बागेत एक लांबट, वळणं घेत गेलेली घळ आहे. आपल्याकडे दोन टेकाडांच्या मधे भाताची खाचरं असतात ना, तशीच. दोन्ही बाजूंना झाडी, मधे चिखल, आणि त्या चिखलात जपानी आयरिसची कंबरेएवढी तलवारीसारखी पानं. वर जांभळी, पांढरी, निळसर फुलं, एकेक फूल ताटलीएवढं. सम्राट मेइजींनी हे शेत आपल्या सम्राज्ञीसाठी लावून घेतलं होतं. लोक फुलांचे फोटो काढत होते. मी पाणी कुठून येतंय ते शोधत वर गेलो, सवय जात नाही. वर एक झरा निघाला, त्याला कियोमासाची विहीर म्हणतात. तिथलं पाणी आयरिसच्या शेतातून फिरून खालच्या तळ्यात जातं. त्या पाण्याचं तापमान बाराही महिने १५ अंशांच्या आसपास असतं.

हा आकडा लक्षात ठेवा. तो मी लक्षात ठेवला नाही म्हणून माझी पहिली तीन वर्षं फुकट गेली.

नाव वेखंडाचं

जपानीत या झाडाला हानाशोबू म्हणतात. हाना म्हणजे फूल आणि शोबू म्हणजे चक्क आपलं वेखंड. पानं वेखंडासारखी, पण फूल बघण्यासारखं, म्हणून फुलाचं वेखंड. खऱ्या वेखंडाला जे येतं ते बोटभर हिरवट कणीस, त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. दोघांचं नातं मात्र काही नाही. आयरिस हे केशर आणि ग्लॅडिओलस यांच्या कुळातलं, वेखंड वेगळ्याच घरचं. जपानमध्ये ५ मे रोजी मुलांचा सण असतो, त्या दिवशी वेखंडाची पानं गरम पाण्यात टाकून त्यांना अंघोळ घालतात. हे मला कळलं तेव्हा सहाणेवर वेखंडाचे वेढे देणारी आमची आई डोळ्यांपुढे आली.

नावाची ही गंमत कामाचीही आहे. तुमच्या वाडीत पाटाच्या कडेला वेखंड आपण होऊन पसरत असेल, तर ओलीच्या हिशेबाने ती जागा जपानी आयरिसला चालेल. आणि रोप विकत घेताना कोणी वेखंडच आयरिस म्हणून हातात दिलं, तर पान चुरगळून वास घ्या. वेखंड लपत नाही.

आधी खरं काय ते

कोकणात हे होतं का, असं मला लोक विचारतात. मी म्हणतो, पाऊण होतं.

माती आपली त्याला आवडेल अशी, कारण त्याला आंबट माती लागते आणि जांभ्याची तांबडी माती आंबटच असते. पाऊस तर विचारूच नका. जपानमध्ये हे फूल जूनमधल्या पावसात फुलतं. टोकियोकडे तो पाऊस सरासरी ७-८ जूनला सुरू होतो, म्हणजे आपल्या मृगाच्या मुहूर्तावर. या दोन गोष्टी बघून मी खूश होतो आणि तिसरी विसरलो. तिसरी म्हणजे थंडी. टोकियोला जानेवारीत रात्रीचा पारा शून्याच्या जवळपास जातो. झाड पानं टाकतं, झोपतं, आणि त्या झोपेतून उठल्यावरच कळी धरतं. गुहागरला समुद्राच्या कडेला पारा सतरा-अठराच्या खाली आला तर आम्ही मफलर काढतो. इथे झाड झोपतच नाही. वर्षभर पान काढत राहतं, दमतं आणि तिसऱ्या पावसाळ्यात कुजून जातं.

तेव्हा नुसतं लावून फूल येईल, या आशेवर कोणी पैसे घालू नयेत. थंडी आपण द्यायची. कशी, ते पुढे सांगतो. आंबोलीसारख्या सुमारे ७०० मीटर उंचीवर राहणाऱ्यांना माझ्यापेक्षा कमी खटपट पडेल, असा माझा अंदाज. किनाऱ्यावरच्यांनी फ्रिजची तयारी ठेवावी.

रोप आणताना

बोटीवरून कंद खिशात घालून आणावा असं मलाही वाटलं होतं. करू नका. परदेशातलं रोप, कंद किंवा माती परवान्याशिवाय आणि तिथल्या रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय देशात आणता येत नाही, आणि हा नियम योग्यच आहे. एका कंदाबरोबर कुठली कीड येईल सांगता येत नाही.

मी इथेच मागवलं. पहिल्यांदा ऑनलाइन बियांचं पाकीट घेतलं, वर इंद्रधनुष्यासारख्या सात रंगांच्या फुलांचं चित्र. त्यातून उगवलं ते गवत. दुसऱ्यांदा एका विक्रेत्याकडून जपानी आयरिस म्हणून दोन रोपं आली, ती तरारून वाढली आणि सहा महिन्यांत त्यांना पिवळी फुलं आली. ते निघालं चालतं आयरिस. त्याची गोष्ट शेवटी. तिसऱ्यांदा, २०१९ साली, कालिम्पाँगकडच्या एका नर्सरीतून सहा कंद मागवले. ओल्या शेवाळात गुंडाळलेले, पानं वीतभर छाटलेली. ते खरे होते.

खरं ओळखायचं कसं? पानाच्या मधोमध नख फिरवा. जपानी आयरिसच्या पानाला मधली शीर उठून लागते, दोन्ही बाजूंनी. दाढीवालं आयरिस, म्हणजे ज्याच्या खालच्या पाकळीवर केसांची पट्टी असते ते, रुंद, राखट आणि सपाट पानाचं असतं आणि त्याचा कंद आल्यासारखा जाड असतो. ते कोरड्या थंड हवेचं झाड. आपल्या पावसात ते आठ दिवस टिकणार नाही. जपानीचा कंद बारीक, वर जुन्या पानांच्या तंतूंची शेंडी.

जातीचं नाव विचारायची संधी मिळालीच तर एदो, म्हणजे जुन्या टोकियोकडच्या, जातीचं मागा. जपानमध्ये यांची तीन घराणी मानतात. इसे आणि हिगो ही कुंडीत वाढवून घरात ठेवून बघायची. हिगो म्हणजे कुमामोतोकडचा मुलूख, तिथले सामुराई सोनेरी पडद्यापुढे कुंडी मांडून बसायचे आणि रोप बाहेर कोणाला देणार नाही अशी शपथ घ्यायचे. एदो मात्र बागेत, पावसात उभं राहण्यासाठी निवडत आणलेलं. एकोणिसाव्या शतकात मात्सुदाइरा शोओ नावाच्या एका एदोकर सरदाराने उभा जन्म या फुलांच्या नव्या जाती काढण्यात घालवला. १८५६ साली तो वारला तेव्हा त्र्याऐंशीच्या आसपास होता. मला अशा माणसांबद्दल आदर आहे. भारतात मात्र नर्सरीवाला बहुतेक ‘जांभळं’ आणि ‘पांढरं’ एवढीच दोन नावं सांगेल. जे मिळेल ते घ्या.

माती: वाडीची नको

इथे माझा पहिला मोठा घोटाळा झाला. गुहागरची वाडी समुद्रापर्यंत जाते आणि तिची माती म्हणजे निम्मी पुळण. पुळणीत शिंपल्यांचा चुरा असतो. शिंपले म्हणजे चुना. नारळाला ते मानवतं. आयरिसची पानं महिन्याभरात पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. चुन्यामुळे मातीतलं लोह झाडाला घेता येत नाही, तेव्हा असं होतं. मी मात्र भुकेलंय समजून आणखी राख घातली. राखसुद्धा चुन्याचीच बहीण. पुढच्या पंधरा दिवसांत दोन कंद गेले.

मातीत चुना आहे का ते बघायला प्रयोगशाळा लागत नाही. वाळलेल्या मातीचा चमचाभर ढीग करा आणि वर व्हिनेगर ओता. फसफसलं की ती माती बाद. माझी वाडीची माती सोड्यासारखी फसफसली. आमची ही तिथेच उभी होती, म्हणाली, “आता त्याला सोलकढी पाजा.”

तर माती सड्यावरून, म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठारावरून आणा. मी वर चिऱ्याच्या खाणीजवळची तांबडी माती दोन गोणी आणली, मोठे खडे चाळून काढले. दोन भाग ही माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग आंबा-काजूच्या पानांचा कुजलेला पाला. ओल धरायला थोडा काथ्याचा भुसा चालतो, पण आपल्याकडचा भुसा खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या सोडणांचा असू शकतो, म्हणून तो दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुऊन पिळून घ्या. राख नाही, चुना नाही, हाडांचा चुरा नाही. हाडांचा चुरा गुलाबाला घालतात म्हणून इथेही घालावासा वाटतो, पण त्यातही चुनाच. किनाऱ्याची वाळू तर अजिबात नको.

डोण

आमच्या विहिरीजवळ जुनी डोण आहे, आजोबांच्या वेळची, रहाटाचं पाणी जिच्यात पडायचं ती. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, सव्वा फूट खोल. जांभ्याचे चिरे आणि आतून सिमेंटचा गिलावा. सिमेंट म्हणजे पुन्हा चुना, म्हणून आत शेततळ्याचा काळा कागद अंथरला. डोण नसेल तर प्लास्टिकची मोठी घमेली किंवा अर्धा कापलेला ड्रम चालेल. काळा ड्रम मात्र नको, उन्हात त्यात चहा होतो.

आयरिस थेट डोणीत लावायचं नाही. दहा-बारा इंची प्लास्टिकच्या कुंड्यांत लावायचं आणि कुंड्या डोणीतल्या पाण्यात उभ्या ठेवायच्या. याचं कारण फ्रिज. पुढे त्यांना उचलून न्यायचं आहे.

आता पाणी. पंपमनला तीन गोष्टी विचारायच्या सवयी असतात: पातळी किती, येणं कुठून, जाणं कुठे. पहिल्या वर्षी मी डोण भरली आणि बसलो. कुंडीच्या काठापर्यंत पाणी, येणं नाही, जाणं नाही. आठ दिवसांत पाण्याला वास आला आणि मुळं काळी पडली. इंजिनरूममधून आठवण म्हणून आणलेला थर्मामीटर बुडवला तर एप्रिलच्या दुपारी ३४ अंश. तेव्हा कुठे मला ती कियोमासाची विहीर आणि तिचे १५ अंश आठवले. त्याला चिखल आवडतो हे खरं, पण तो थंड, हलत्या पाण्याचा चिखल. उकडलेलं शिळं पाणी त्याला मारतं.

मग मी डोण शिंपण्याच्या लायनीतच घेतली. पंप चालू केला की विहिरीचं पाणी आधी डोणीच्या एका टोकाला पडतं, दुसऱ्या टोकाला चार इंचांवर बसवलेल्या पाइपातून बाहेर निघतं आणि पाटाने पोफळींच्या आळ्यांत जातं. म्हणजे डोणीत कुंडीच्या बुडाची चार इंच पाण्यात, वरचा भाग मोकळा, आणि एक दिवसाआड सगळं पाणी बदललेलं. पाण्याचा एक थेंब जास्त लागत नाही. डोणीवर दुपारच्या बाजूने नारळाचे दोन झाप आडवे टाकले, आणि बाहेरून गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवलं. थर्मामीटर २७-२८ वर आला. १५ नाही, पण ३४ पेक्षा बरा.

मे महिन्यात किनाऱ्याच्या विहिरी मचूळ होतात. ज्या पाण्याच्या चहाची चव बिघडते ते आयरिसला घालू नका, पानांची टोकं जळतात. त्या तीन-चार आठवड्यांसाठी मी नळाचं पाणी ड्रममध्ये भरून एक रात्र उघडं ठेवतो आणि तेच घालतो.

डोणीच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात, पाटाच्या तोंडाशी, मी वेखंडाचे चार तुकडे खोचलेत. त्यांची टोकं सुकायला लागली की समजायचं, पाणी कुठेतरी अडलंय.

लावणी

दसरा ते दिवाळीच्या मधे. पाऊस सरलेला असतो, माती अजून ओली असते आणि पुढे चार बरे महिने मिळतात. कंद आल्या आल्या बादलीत बुडवून ठेवा, एक दिवससुद्धा सुकू देऊ नका. हा कंद हळदीसारखा माळ्यावर राहत नाही.

मुळं चार-पाच इंचांची ठेवून बाकी छाटा. कुंडीत मातीचा उंचवटा करून त्यावर मुळं छत्रीसारखी पसरा. कंदाचा माथा मातीखाली दोन बोटं, म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटर गेला पाहिजे. दाढीवाल्या आयरिसबद्दल वाचून आलेले लोक इथे चुकतात, कारण त्याचा कंद उघडा ठेवायचा असतो. याचा उघडा ठेवलात तर आपल्या उन्हात खोबरं होईल. याची नवी मुळं दर वर्षी जुन्या मुळांच्या वर फुटतात, झाड आपोआप वर सरकतं, म्हणून सुरुवात खाली करायची.

लावताना खत नको. नवीन पान निघून हाताच्या लांबीचं झालं की मगच, आणि तेही थोडं. मी करंज पेंड मूठभर भिजवून तिचं पाणी देतो आणि वाढीच्या काळात महिन्यातून एकदा प्रत्येक कुंडीला चिमूटभर अमोनियम सल्फेट. ते माती आंबट ठेवतं.

ऊन सकाळचं सहा तास तरी हवं. सावलीत पानं होतील, फूल नाही.

फ्रिजातला पौष

आमच्या पडवीत एक जुना फ्रिज आहे. मे महिन्यात पाण्याच्या बाटल्यांसाठी चालू करायचो, एरवी बंद. २०२१ च्या डिसेंबरात त्याचे कप्पे काढून तीन कुंड्या आत ठेवल्या. घरात यावर जे बोलणं झालं ते लिहीत नाही.

पद्धत अशी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला खत बंद. महिनाअखेरीला कुंड्या डोणीतून काढून चिऱ्यावर ठेवायच्या, म्हणजे माती ओलसर राहील पण गच्च भिजलेली नसेल. १५ डिसेंबरच्या सुमारास पानं चार बोटं ठेवून कापायची, पिवळा कचरा साफ करायचा, कुंडीला प्लास्टिकची पिशवी सैल बांधायची, वर दोन-चार भोकं. फ्रिज ४ ते ६ अंशांवर. उजेड लागत नाही, झोपलेल्याला कसला उजेड. दहा दिवसांनी एकदा बोटाने माती बघायची. कोरडी वाटली तर अर्धा पेला पाणी.

एक नियम फार महत्त्वाचा: त्या फ्रिजात फळं ठेवायची नाहीत. पिकणाऱ्या फळांतून जो वायू निघतो तो झोपलेल्या कळ्यांना बाधतो. चिकू, केळी, सफरचंद सगळं बाहेर. घरातल्या फ्रिजात एक कोपरा मागून घेणाऱ्यांना हे जमत नाही, म्हणून वेगळा जुना फ्रिज.

दहा-अकरा आठवडे असं ठेवायचं. शिमग्याला पालखी घरी येते त्याच्या आगेमागे मी कुंड्या बाहेर काढतो. एकदम उन्हात नाही. आठवडाभर पडवीत, मग सकाळच्या उन्हात, मग डोणीत. हिरवे कोंब किती वेगाने वर येतात ते बघून आमची ही पहिल्यांदा म्हणाली की फ्रिज तिकडेच राहू दे.

२०२२ च्या मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक फूल आलं. जांभळं, मधे पिवळी रेघ, तळहाताहून मोठं. तीन दिवस टिकायला हवं होतं, आपल्या उष्म्यात दीड दिवस टिकलं. कळी फुगलेली दिसली की कुंडी उचलून पडवीत आणा, म्हणजे थोडं जास्त टिकतं. हे मला दुसऱ्या वेळी कळलं. २०२३ साली काहीच नाही, कारण जानेवारीत मी आठवडाभर पुण्याला गेलो आणि फ्रिजच्या दाराचं रबर सैल होऊन दार उघडं राहिलं. परत आलो तर आत बुरशीचा कापूस. २०२४ साली एकाच दांड्याला दोन. म्हणजे एकूण तीन फुलं. हिशेब करून खर्च काढू नका, मी काढलेला नाही.

पावसाळा आणि गोगलगाई

मृग लागला की कुंड्या डोणीतून बाहेर. आपल्या पावसात त्यांना डोणीची गरजच नाही, आणि ढगाळ उष्म्यात बुडं पाण्यात राहिली की कूज धरते. चिऱ्यांवर, हवा खेळेल अशा ठेवा. पिवळी पानं ओढून काढू नका, कात्रीने कापा.

गोगलगाई मात्र रात्री येतात. त्या मोठ्या आफ्रिकन गोगलगाई एका रात्रीत कोंब साफ करतात. मी बॅटरी घेऊन नऊ वाजता फिरतो आणि चिमट्याने उचलून मिठाच्या बादलीत टाकतो. मीठ कुंडीभोवती पसरू नका, पावसाने ते मुळांत जातं. साळिंदर कंद उकरतं, पण माझ्या गडग्याच्या आत अजून आलेलं नाही. गुरं याच्या पानांना तोंड लावत नाहीत. कंद आणि पानं पोटात गेली तर उलट्या होतात, तेव्हा लहान मुलांना सांगून ठेवा. वेखंडासारखं दिसतं म्हणून कोणी सहाणेवर उगाळायला घेऊ नये.

दर दोन-तीन वर्षांनी कुंडी भरते आणि जुनं खोड मातीच्या वर दिसायला लागतं. मग दसऱ्यानंतर उपसून दोन-तीन पंख्यांचा, म्हणजे पानांच्या झुबक्यांचा, एकेक तुकडा करायचा आणि पूर्ण नव्या मातीत लावायचा. जुनी माती पोफळीला टाका. त्याच मातीत पुन्हा लावलं तर ते रुसतं, हे जपानी माळीही मानतात.

एवढी खटपट नको असेल तर

आयरिसच्या कुळातले दोन जण आपल्याकडे कुठल्याही फ्रिजाशिवाय फुलतात.

एक बेलमकांडा. नर्सरीत याच नावाने मागा. २००५ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी याला आयरिसमध्येच घेतलं, आता शास्त्रीय नाव आयरिस डोमेस्टिका. नारिंगी फूल, त्यावर लाल ठिपके, पानं पंख्यासारखी. एक फूल एकच दिवस, संध्याकाळी पिळलेल्या फडक्यासारखं मिटतं, पण रोज नवीन येत राहतं. नंतर शेंग उकलून आत काळ्या मण्यांचा घोस दिसतो. जपानमध्ये याला हिओगी म्हणतात आणि क्योतोच्या जुलैतल्या गिओन उत्सवात घरोघरी हे मांडतात. याला साचलेलं पाणी चालत नाही, म्हणून उतारावर किंवा चिऱ्याच्या बांधावर लावा. बी मेच्या शेवटी टाकलं की दुसऱ्या वर्षी फुलतं.

दुसरं ते माझ्याकडे फसवणुकीतून आलेलं पिवळं चालतं आयरिस. मूळ अमेरिकेच्या उष्ण भागातलं, म्हणून इथला दमटपणा त्याला माहेरच्यासारखा. पोफळीच्या अर्ध्या सावलीत, पाटाच्या ओलीत लावून द्या आणि विसरा. फूल सकाळी उमलतं, संध्याकाळी संपतं. मग त्याच दांड्याच्या टोकाला छोटं रोप फुटतं, त्याच्या वजनाने दांडा वाकतो, रोप जमिनीला टेकतं आणि मुळं धरतं. पुढच्या वर्षी ते रोप आणखी हातभर पुढे. असं ते चालत जातं.

माझी दोन रोपं विहिरीपासून निघाली होती. या पावसाळ्यात ती गडगा ओलांडून शेजारच्या वाडीत पोचली आहेत आणि तिथल्या पोफळीखाली पिवळी फुलं दिसतात. शेजारी अजून काही बोललेला नाही, आणि मीही बोललेलो नाही.